वरचे अडुसष्ट

विडी कारखान्याच्या जुन्या पासबुकात
मागची अकरा पानं कोरी होती.
अम्मानं तीच उघडली. म्हणाली, लिही:
शिकागो. दिवस पाच. माणसं दोन.

तिकिटं रमणानं काढलेली,
हॉटेलही त्याचंच.
पण हातखर्च आपला, असं तिनं फोनवर तीनदा सांगितलं,
दोनदा तेलुगूत आणि एकदा मराठीत,
म्हणजे ते पक्कं.

सहाशे डॉलर.
रात्री साडेनऊला, अशोक चौकातल्या खोलीत,
भिंतीपलीकडे माग खटखटत असताना
मी भागाकार करत बसले.
नाश्ता हॉटेलात फुकट.
दुपारी कडक भाकरी आणि शेंगाचटणी,
दोन पाकिटं, बॅगेच्या तळाशी.
रेल्वेचा पास. तळ्यातली बोट.
उंच इमारतीचा शंभरावा मजला तिनं स्वतःच खोडला:
वरून काय दिसणार, खालचंच ना.

मग टीप.
रमणानं यादी पाठवलेली.
जेवणावर शेकडा वीस, कर सोडून.
टॅक्सीला पंधरा. बॅग उचलणाऱ्याला नगामागे दोन.
खोली आवरणाऱ्या बाईला रोजचे पाच,
उशीवर, चिठ्ठीसकट,
नाहीतर तिला वाटतं कुणी विसरून गेलं.
कॉफीच्या दुकानात पडदा तुमच्याकडे फिरवतात,
तिथं शून्य दाबलं तरी चालतं,
फक्त नजर वर करायची नाही.

अम्मानं चष्मा काढला.
त्यांना मालक पगार देत नाही?
देतो, म्हटलं. थोडा. बाकीचा गिऱ्हाइकानं द्यायचा.
मग थाळीच्या भावातच का नाही धरत?
याचं उत्तर रमणाकडंही नव्हतं.

ती हिशेब डॉलरात करत नाही, रुपयांतही नाही.
सेहेचाळीसच्या जेवणावर नऊ डॉलर वीस,
म्हणजे पावणेआठशे,
म्हणजे हजारी दोनशेनं
जवळजवळ चार हजार विड्या,
म्हणजे मांडीवर सूप घेऊन चार दिवस
आणि अंगठ्याची ती चीर, जी अजून बुजली नाही.
मला वाटलं, आता ही ओळही जाणार.

ती गप्प बसली. माग एकदा थांबला, परत सुरू झाला.
मग म्हणाली,
ठेकेदार हजारातल्या चाळीस छाटायचा.
पान फाटकं, दोरा सैल, तोंड नीट मिटलं नाही.
छाटलेल्या परत द्यायचा नाही,
विकायचाच की कुठंतरी.
सदतीस वर्षांत
मोजून झाल्यावर कुणी वर एक ठेवली
असं मी पाहिलं नाही.

आणि तिनं बोट खोडली.
तळं आपल्याकडं पण आहे, सिद्धेश्वराचं.
खोलीवालीच्या पाचाचे सहा केले.

रविवारी सराव.
नवी पेठेत, पंख्याखालचं टेबल,
दोन थाळ्या, दोन ताक, तीनशे चाळीस.
वाढणारा कोवळा पोरगा, ओठावर नुकती लव,
खांद्यावर आपल्याच गावचा टॉवेल.
दहा टक्क्यांचे चौतीस, त्याची दुप्पट…
अडुसष्ट, अम्मा माझ्याआधी.
बडीशेपेच्या बशीत नोटा, नोटांवर आठची चिल्लर,
ती तिनं दोनदा सारखी केली.

कोपऱ्यापर्यंत पोचलो नाही तोच
तो धावत आला, घामाघूम, मूठ पुढं करून:
काकू, पैसे राहिले तुमचे बशीत.

एप्रिलचं ऊन. अम्मा डोळे बारीक करून
त्याच्याकडं बघत राहिली,
जणू तोच काहीतरी चुकीचं मोजतोय.
राहिले नाहीत रे. मोजून ठेवलेत.

त्यानं मूठ उघडून पाहिली,
आमच्याकडं पाहिलं,
परत मुठीकडं.
सगळे?

घरी येऊन तिनं पासबुक मागितलं.
कामाच्या रकान्यात सराव लिहायला लावलं,
पुढं अडुसष्ट.
आणि शेवटचा रकाना, छापील, छाटीचा,
तिथं स्वतःच्या हातानं,
वेळ घेऊन,
एक गोल शून्य.